चिमण्यांसाठी मागवलेला संच आणि प्रत्यक्षात आलेले पाहुणे : दीड वर्षाच्या वापरानंतरचे परीक्षण

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस, उन्हाळा तोंडावर आलेला असताना, मी चिमण्यांसाठी म्हणून विकला जाणारा एक संच ऑनलाइन मागवला. त्यात चार वस्तू होत्या : पाण्यासाठी मातीचे पसरट परळ, टांगायचे लाकडी घरटे, दाणे भरून ठेवायची पारदर्शक नळी आणि भिंतीवर लावायचा पक्ष्यांचा रंगीत तक्ता. किंमत १,३५० रुपये, घरपोच. एक संच आमच्या गॅलरीसाठी आणि दुसरा सोसायटीच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यासाठी, असे दोन घेतले. खरेदीपूर्वी मी जी परीक्षणे वाचली ती बहुतेक खोके उघडल्याच्या दिवशीच लिहिलेली होती आणि त्यांत सगळीकडे पाच तारे होते. परंतु अशी वस्तू दोन उन्हाळे, एक अख्खा पावसाळा आणि पक्ष्यांच्या विणीचा हंगाम पाहिल्याशिवाय कशी आहे ते कळत नाही, असे आता माझे मत झाले आहे. निर्मात्याचे नाव मी देत नाही, कारण जवळजवळ हाच संच निरनिराळ्या नावांनी अनेक ठिकाणी मिळतो आणि त्याचे गुणदोषही बहुधा हेच असणार.

आमची इमारत कोथरूडमध्ये, वेताळ टेकडीच्या उताराला आहे. गच्चीवर उभे राहिले की टेकडीची कड दिसते, वळवाच्या सुमारास मोर ओरडतात ते ऐकू येते, आणि कुंपणाला लागून एक जुना उंबर, दोन शेवगे व एक कडुनिंब एवढी झाडे अजून शाबूत आहेत. हे आधीच सांगण्याचे कारण असे की संच काही पक्षी घेऊन येत नाही. आसपास जे आहेत त्यांना आपल्याकडे वळण्याचे निमित्त तेवढे होते. ज्यांच्या इमारतीभोवती नुसते पेव्हिंग ब्लॉक आहेत त्यांनी माझ्या अनुभवातून तेवढे वजा करून घ्यावे.

संचातली सर्वांत साधी वस्तू सर्वांत सरस निघाली. परळ बारा इंच व्यासाचे, कडेला उथळ आणि मध्यभागी जेमतेम दोन इंच खोल आहे, आणि लहान पक्ष्यांना नेमकी हीच खोली मानवते, कारण अंघोळीला उतरणारा पक्षी काठावरून एकेक पाऊल आत टाकतो आणि पोटाला पाणी लागले की थांबतो. खोल कुंडी ठेवली तर तो काठावर ओणवा होऊन प्रयत्न करतो आणि जमले नाही की उडून जातो. खारीची पिल्ले तर अशा भांड्यात पडून बुडतात. दुसरी जमेची बाजू म्हणजे मातीला झिलई दिलेली नाही. झिलईवर पाय घसरतात, आणि शिवाय माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते, म्हणजे छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याची बाहेरच्या अंगाने वाफ होऊन जाते, ते कारण इथेही लागू पडते. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकला तेव्हा शेजारच्या गॅलरीतल्या स्टीलच्या पातेल्यातले पाणी दुपारी चांगलेच तापलेले असे. आमच्या परळातले हाताला गार लागत होते.

पहिले तीन दिवस कोणी फिरकले नाही. चौथ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास लालबुड्या बुलबुलांची जोडी आली. त्यातला एक काठावर राखणीला बसला आणि दुसरा पाण्यात उतरला. त्याने छाती बुडवली, पंख थरथरवून पाठीवर पाणी उडवले, मग शेंडी चिकटून ओबडधोबड दिसणारे ध्यान होऊन तो कपडे वाळत घालायच्या दोरीवर जाऊन बसला, आणि पहिल्याची पाळी आली. हा क्रम त्यानंतर रोज, तोही चारच्या आसपासच, चालू राहिला. बुलबुलांच्या पाठोपाठ साळुंक्या, शिंपी, दयाळ आणि थंडीत थिरथिरा आला. शेपटी सतत थरथरवणारा हा लहानसा पाहुणा ऑक्टोबरच्या सुमारास उत्तरेकडून येतो आणि उन्हाळ्याच्या आधी परत जातो. शिंजीर मात्र परळाकडे कधीच आला नाही. त्याची तऱ्हा वेगळी : सकाळी झाडांना पाणी घातले की तो कर्दळीच्या ओल्या पानावर अंग घासतो, आणि पानावरचे थेंब हीच त्याची अंघोळ.

माणसांच्या वस्तीत इतक्या जवळून जे दिसेल असे मला कधी वाटले नव्हते, ते मे महिन्यातल्या एका भर दुपारी दिसले. बाहेर एकाएकी सगळे चिडीचूप झाले, फक्त शेवग्यावरची खार तेवढी चिरकत राहिली. पडद्याच्या फटीतून पाहिले तर परळात शिक्रा उभा होता. पिवळे पाय पाण्यात, लालबुंद डोळे थेट काचेवर रोखलेले, आणि उन्हाने चोच किंचित उघडी पडलेली. तो प्यायला, मग पोटापर्यंत पाण्यात बसला आणि सहा-सात मिनिटे तसाच बसून राहिला. त्या वेळात मी हातातला कपसुद्धा खाली ठेवला नाही. तेराशे पन्नास रुपयांचा हिशेब माझ्यापुरता त्या दुपारी मिटला.

तरीही परळाला दोष आहेत. ते तीन भोकांतून ओवलेल्या ज्यूटच्या दोरीने टांगायचे असते, आणि ही दोरी पहिल्या पावसाळ्यातच कुजली. जुलैच्या एका रात्री परळ खाली आले आणि एका कडेचा टवका उडाला. खाली कोणी नव्हते हे नशीब. दोरीऐवजी आता जाड तार बसवली आहे. नायलॉनचा धागा कोणी सुचवला तर तो मानू नये, कारण मांजाप्रमाणे त्यातही पक्ष्यांचे पाय अडकतात. दुसरी गोष्ट दोष म्हणता येणार नाही, परंतु सूचनापत्रात तिचा उल्लेख हवा होता : पाणी नुसते भरत राहणे धोक्याचे आहे. डेंगीचा डास पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. त्यामुळे पाणी रोज ओतून टाकायचे आणि दोन-तीन दिवसांआड परळ काथ्याने घासायचे. साबण लावायचा नाही. मी हे सकाळी चहाच्या आधी करते आणि त्याला तीन मिनिटे लागतात. परळात मी एक चपटा दगडही ठेवला आहे, त्यामुळे सातेरी मधमाश्यांना बुडण्याची भीती न बाळगता पाणी पिता येते, आणि कुंभारीण माशी परळाखालच्या ओल्या मातीच्या गोळ्या उचलून नेते.

कावळ्यांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. कावळा कुठून तरी पोळीचा वाळका तुकडा, हाड किंवा उंदराचे शेपूट आणतो, परळात भिजवतो आणि उरलेले तिथेच टाकून जातो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्याला हुसकावण्याचा सल्ला दिला होता. ज्याची पितृपंधरवड्यात आपण ताट घेऊन वाट पाहतो त्याला बाकीचे साडेअकरा महिने हाकलायचे, हे मला काही पटले नाही, म्हणून त्या दिवशी परळ दोनदा घासते एवढेच.

आता घरट्याविषयी. पुण्यातले जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना आठवत असेल की चिमणीला घर बांधायला वेगळी जागा लागत नसे. कौलांखालची वळचण, भिंतीतला निखळलेल्या विटेचा कोनाडा, देवघरातल्या तसबिरीची मागची बाजू, एवढे तिला पुरे होते. सपाट छत आणि सरकत्या काचांच्या इमारतींत वळचणच उरली नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पक्षी अहवालात चिमण्यांची संख्या एकंदर देशात स्थिर असली तरी मोठ्या महानगरांत ती घटत असल्याचे दिसून आले, आणि त्याच्या कारणांत जागेची ही टंचाई धरली जाते. तेव्हा लाकडी घरटे ही काही हौसेची वस्तू नव्हे, गेलेल्या वळचणीच्या जागी आलेली पेटी आहे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळला जातो, आणि त्याच्या आधी महिनाभर या पेट्यांवर सवलती सुरू होतात. आमचा संचही त्या सवलतीतलाच होता.

परंतु पेटी बनवणाऱ्याने चिमणी जवळून पाहिली असावी असे वाटत नाही. चिमणीला साधारण ३२ मिलिमीटर व्यासाचे भोक पुरते. संचातल्या पेटीचे भोक पट्टीने मोजले तर ५० मिलिमीटर भरले. एवढ्या भोकातून साळुंकी आत शिरते आणि चिमणीला बाहेर काढते. भोकाखाली बसायला दांडी लावली आहे, ती चित्रात शोभते, परंतु चिमणीला तिची गरज नसते. तिच्यावर उभे राहून कावळ्याला मात्र आत चोच घालता येते. पेटीला आतून व्हार्निश लावलेले होते आणि त्याचा वास जायला महिना लागला. तळाला पाणी निथळायची भोके नाहीत. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे छप्पर खिळ्यांनी कायमचे ठोकलेले, त्यामुळे विणीचा हंगाम संपल्यावर जुने गवत काढून पेटी साफ करण्याची सोयच नाही. यातल्या तीन गोष्टी पाच मिनिटांचे ड्रिलिंग आणि दोन बिजागऱ्या यांनी सुधारता आल्या. टांगायची पेटी टांगावी की नाही याबद्दलही माझे मत बदलले आहे. एका खिळ्याला लटकवलेली पेटी वाऱ्याने गोल फिरते, आणि फिरत्या घरात चिमणी राहत नाही. आम्ही ती पूर्वेच्या भिंतीला, छज्ज्याखाली, सुमारे बारा फुटांवर घट्ट बसवली. पश्चिमेला लावली असती तर एप्रिल-मे महिन्यांत आत पिल्ले भाजली असती.

मागच्या पट्ट्यातली दुसरी पेटी मी मुद्दाम होती तशीच ठेवली होती, आणि तिने वेगळाच पाहुणा आणला. मार्चपासून उंबराच्या शेंड्यावर पहाटे साडेपाचला दयाळ गाऊ लागला होता. थंडीभर गप्प बसलेला हा काळापांढरा पक्षी विणीच्या दिवसांत इतक्या तऱ्हेने गातो की आमच्याकडे गजर लावायची गरज उरली नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची मादी, जिचा रंग नराच्या काळ्याच्या जागी राखी असतो, चोचीत वाळक्या मुळ्या घेऊन पेटीच्या भोकावर बसलेली दिसली. तिने आत डोके घातले, बाहेर काढले, पुन्हा घातले, आणि मुळ्या आत टाकून आली तशी निघून गेली. दुपारपर्यंत मी अशा एकवीस फेऱ्या मोजल्या. चिमणीला मोठे ठरलेले भोक दयाळाच्या मापाचे होते. संच विकणाऱ्याला याचे श्रेय देता येत नाही, परंतु तक्रार करायलाही मन होईना.

चिमण्या आल्या त्या त्यानंतर दहा महिन्यांनी. पहिल्या पेटीच्या भोकावर मी ३२ मिलिमीटरचे भोक पाडलेली पत्र्याची चकती बसवली होती आणि आशा जवळजवळ सोडली होती. या फेब्रुवारीत गळ्यावर काळा ठिपका असलेला नर पेटीच्या तोंडाशी बसून दिवसभर चिवचिवत राहिला आणि आठवड्याने मादीला घेऊन आला. आमच्या खराट्याच्या काड्या, उशीतला कापूस आणि खालच्या दुकानातल्या सुतळीचे तुकडे, असे सगळे त्या घरात गेले. ज्यांनी पेटी लावून महिनाभर वाट पाहिली आणि काढून टाकली, त्यांना एवढेच सांगते की आम्हाला वर्ष लागले.

दयाळाच्या पेटीमुळे मे महिन्यात एक प्रसंग उभा राहिला. पिसे पुरती न फुटलेले, आखूड शेपटीचे एक पिल्लू सायकलींच्या स्टँडखाली बसलेले मुलांना सापडले आणि त्यांनी ते चपलांच्या खोक्यात घालून माझ्याकडे आणले. हेतू चांगला असला तरी हे करायचे नसते. उडायला शिकणारी पिल्ले एक-दोन दिवस जमिनीवरच असतात आणि आईबाप त्यांना तिथेच भरवतात. माणसाचा हात लागला म्हणजे पक्षी पिल्लाला टाकतात, या समजुतीला आधार नाही. आम्ही पिल्लू त्याच जागेजवळ, मेंदीच्या कुंपणाच्या खालच्या फांदीवर ठेवले आणि वॉचमनमामांनी मांजराला तासभर दूर ठेवले. दहा मिनिटांत नर चोचीत हिरवी अळी घेऊन आला. प्राणी खरोखर जखमी असेल तर वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे, आणि तो आता आमच्या सूचनाफलकावर लिहिलेला आहे. संचातल्या कागदावर तो छापायला काहीच खर्च आला नसता.

दाण्यांच्या नळीबद्दल मला चांगले काहीही लिहिता येत नाही. आपण सगळे ‘एक घास चिऊचा, एक घास काऊचा’ ऐकत जेवलेलो असल्यामुळे पाहुणचार म्हणजे खाऊ घालणे हे आपल्या अंगात इतके मुरलेले आहे की नळी पाहून मला सर्वांत जास्त आनंद झाला होता. मी तिच्यात बाजरी, राळे आणि तांदळाची कणी भरली. पहिल्या दिवशी दोन पारवे आले, म्हणजे ज्यांना आपण सरसकट कबुतरे म्हणतो ते. आठव्या दिवशी तीस होते. नळीच्या छोट्या तोंडाशी पारव्याची चोच पोहोचत नाही, म्हणून एक पारवा पंख फडफडवून नळी हलवी आणि बाकीचे खाली सांडलेले टिपत. या युक्तीचे कौतुक वाटायचे ते खालच्या मजल्यावरच्या आजोबांचा दमा वाढेपर्यंत. पारव्यांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांना सूज येते हे डॉक्टर वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, आणि मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून २०२५ मध्ये जो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला त्याच्या मुळाशीही हीच चिंता होती. ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला त्या चिमण्यांना नळीचा उपयोग तसा बेताचाच होता, कारण चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिल्लांना ती प्रामुख्याने अळ्या आणि किडे भरवते. अळ्या हव्या असतील तर झुडपे हवीत आणि त्यांच्यावरची औषधफवारणी बंद हवी. आमच्या सोसायटीत ही फवारणी दर महिन्याला होत असे. ती थांबवण्यासाठी मला दोन सर्वसाधारण सभा आणि एक लिंबाचे झाड लागले. त्या लिंबावर निलवंत या आपल्या राज्य फुलपाखराच्या अळ्या दिसल्या, आणि झाड खराब होते म्हणणाऱ्या दोघांनी त्यातल्या एका कोषातून फुलपाखरू बाहेर येताना पाहिले, तेव्हा कुठे मतदान आमच्या बाजूने झाले.

मागच्या पट्ट्यातली नळी बंद करायला मात्र मला उशीर झाला. सांडलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर येऊ लागले, मग घुशींनी कुंपणाच्या पायाशी बिळे केली, आणि ऑगस्टमधल्या एका सकाळी त्या बिळांशी सहा-साडेसहा फुटांची धामण पसरलेली आढळली. खाली माणसे जमली, कोणी काठी आणली, नाग असल्याचे एकाने छातीठोकपणे सांगितले, आणि धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते ही कथाही निघाली, जरी आमच्या गल्लीत गाय येऊन वीस वर्षे झाली असतील. मी सर्पमित्राला फोन केला. तो येईपर्यंत धामण भिंतीच्या फटीतून टेकडीच्या बाजूला निघून गेली होती. त्याने मोबाइलवरचा फोटो मोठा करून ओठांवरच्या काळ्या उभ्या रेघा दाखवल्या, ती बिनविषारी असल्याचे सांगितले, बिळे पाहिली, वर टांगलेली नळी पाहिली आणि म्हणाला, “काकू, आधी दाणे बंद करा. ही गेली तरी उंदीर आहेत तोवर दुसरी येणार.” नळी त्याच दिवशी उतरवली. बिळे महिन्याभरात ओस पडली, आणि मला वाटते त्याचे श्रेय थोडे धामणीचेही आहे. दोन्ही नळ्यांमध्ये आता मी कपड्यांचे चिमटे ठेवते. त्या कामाला त्या उत्तम आहेत.

तक्त्याबद्दल थोडक्यात. छपाई सुंदर, कागद जाड, मजकूर विनोदी. ‘आपल्या अंगणातील पक्षी’ या मथळ्याखाली जे बारा पक्षी आहेत त्यातले चार युरोपातले आहेत. लाल छातीच्या युरोपीय रॉबिनखाली ‘रॉबिन’ असे छापले आहे, आणि आपल्याकडचा चिरक किंवा दयाळ यांचा पत्ता नाही. इमारतीतली एक मुलगी दोन महिने तो लाल छातीचा पक्षी शोधत होती. तिने आता तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतः पाहिलेल्यांची यादी सुरू केली आहे. यादी त्रेचाळिसांवर गेली आहे. तिच्यात राज्यपक्षी हरियाल आहे, जो उंबर पिकला की थव्याने येतो, तांबट आहे, राखी धनेश आहे आणि, पक्षी नसल्याचे ठाऊक असूनही तिने हट्टाने घातलेले, मुंगूस आहे. तांबटाची जोडी शेवग्याच्या वाळलेल्या फांदीत चोचीने भोक पाडून राहिली. फांदी तोडायला माणूस ठरला होता, त्याला परत पाठवले. या घरट्याला एक पैसाही लागला नाही.

राहता राहिले दुसरे परळ. दोरी तुटल्यावर मागच्या पट्ट्यातले परळ आम्ही टांगायचे सोडून उंबराखाली जमिनीवरच ठेवले, आणि ही सूचना खरे तर विक्रेत्याने करायला हवी होती, कारण जमिनीवरच्या पाण्याला वेगळीच मंडळी येतात. झुडपापासून ते आठ-दहा फूट दूर असावे. फार जवळ ठेवले तर मांजर दबा धरते. मुंगूस सकाळी येते. रात्री परळ रिकामे होते, हे मामांच्या लक्षात आले आणि त्यांनी पाळत ठेवली. नोव्हेंबरमध्ये एका रात्री अकराच्या पुढे त्यांनी मला हळूच खाली बोलावले. कुंपणाच्या भिंतीवरून लांबलचक काळी शेपटी सावरत एक उदमांजर उतरले, उंबराची दोन फळे खाल्ली, परळाशी बसून मांजरासारखे लपलप पाणी प्यायले, आमच्याकडे पाहिले आणि घाई न करता पुन्हा भिंतीवर चढले. गच्चीवर अधूनमधून सापडणाऱ्या बियाळ विष्ठेचे कोडे त्या रात्री उलगडले. मामांनी काढलेला अंधुक फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप समूहावर गेला आणि अर्ध्या तासात त्याचे बिबट्याचे पिल्लू झाले. तोंडावरचा काळा पट्टा आणि अंगाएवढी लांब शेपटी दाखवून मी समजूत घातली, परंतु ज्या एका गोष्टीमुळे त्या रात्री कोणी बॅटऱ्या घेऊन खाली उतरले नाही ती वेगळी होती. ९ डिसेंबर २०२० रोजी आमच्याच कोथरूडमध्ये महात्मा सोसायटीच्या परिसरात शिरलेला रानगवा लोकांच्या गर्दीत तासन्‌तास पळत राहिला आणि पकडल्यावर मरण पावला. ते ज्यांनी खिडकीतून पाहिले होते त्यांतले एक गृहस्थ आता आमच्या इमारतीत राहतात, आणि त्यांनी समूहावर फक्त “दिवे बंद ठेवा, त्याला जाऊ द्या” एवढे लिहिले. उदमांजर त्यानंतरही येते. कचऱ्याच्या डब्यांना घट्ट झाकणे बसवली आणि चिकूच्या झाडावरची वरची फळे त्याच्यासाठी सोडली, यापलीकडे आम्हाला काही करावे लागलेले नाही.

विक्रेत्याची सेवा ठीक होती. एका संचातले परळ तडकलेले आले, फोटो पाठवल्यावर सहा दिवसांत दुसरे मिळाले आणि तडकलेले परत मागितले नाही. घरट्याच्या भोकाविषयी मी मापांसह सविस्तर पत्र लिहिले. त्याला आभाराचे छापील उत्तर आले, आणि संकेतस्थळावरच्या चित्रात दांडी अजून तशीच आहे. संपूर्ण संच मी कोणाला घ्यायला सांगणार नाही. नुसते परळ तीनशे रुपयांना सुटे मिळते, ते घ्यावे, किंवा कुंभारवाड्यात जाऊन याच मापाचे करून घ्यावे. पेटी ओळखीच्या सुताराकडून, उघडता येणाऱ्या छपराची आणि चिमणीला ३२, दयाळाला ५० अशी भोकाची मापे सांगून करून घ्यावी. गच्चीसाठी मी गेल्या आठवड्यात आणखी एक परळ मागवले आहे. ते आले की ज्यूटची दोरी आधी काढणार आणि तार बसवणार.